पाप कोणाचे?



वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत एक तरी लेख इतिहासावर असावा असे मंडळाच्या बैठकीत ठरले, आणि ते काम माझ्या वाट्याला आले. मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. चांद्याचा परकोट कोणी बांधला, गोंड राजे किती झाले, हे सांगणारे जाणकार आपल्या गावात पुष्कळ आहेत. त्यांच्या पंक्तीला बसण्याची माझी योग्यता नाही. म्हणून मी एका प्रश्नाचा इतिहास लिहायचे ठरवले. तो प्रश्न माझ्या दारात आला होता, म्हणून त्याचा माग मी काढला. नगर वाचनालयातून चरित्रे आणली, धाकट्याच्या शिक्षकांना विचारले, आणि दुपारची भांडी आवरल्यावर वहीत टिपून ठेवले.

माझा धाकटा मुलगा जन्मापासून पाहू शकत नाही, हे आपल्यापैकी बहुतेकींना ठाऊक आहेच. तो सातव्या महिन्यात झाला. कित्येक दिवस काचेच्या पेटीत होता. वाचला हेच मोठे, असे म्हणून आम्ही देवाचे उपकार मानले. चार-पाच महिन्यांचा झाला तरी दिव्याकडे बघेना, माझ्या तोंडाकडे बघून हसेना, तेव्हा काळजात चर्र झाले. पुढे नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितले की, आता उपाय नाही.

त्यानंतर एके दिवशी नळावर एक म्हातारी बाई, मनाने अगदी चांगली, मला म्हणाली, "काहून व बाई, कोणाचं पाप भोवलं असन लेकराले?" तिला दुष्टावा करायचा नव्हता. तिच्या आईने तिला जे सांगितले तेच तिने मला सांगितले. आम्ही ख्रिस्ती आहोत, मागच्या जन्माचे पाप आमच्यात मानत नाहीत. पण आमच्यातही हा प्रश्न दुसरा पदर घेऊन येतो. एका ठिकाणी रोग बरे करण्याच्या प्रार्थनेला आम्ही लेकराला घेऊन गेलो. तीन दिवस उपास धरला. लेकराचे डोळे उघडले नाहीत. तेव्हा मला सांगण्यात आले की, आईचा विश्वास कमी पडतो, किंवा घराण्यात कोणाचे तरी न कबूल केलेले पाप आहे. त्या रात्री मी आमच्या ह्यांच्याशीसुद्धा बोलले नाही. नळावरचा प्रश्न सोसला होता, पण प्रार्थनेच्या जागीही तोच ऐकावा लागला, याचे दुःख फार झाले.

आमच्या पाळकसाहेबांना हे कळले. त्यांनी उपदेश केला नाही. घरी येऊन योहानाच्या शुभवर्तमानाचा 9 वा अध्याय काढून दिला आणि म्हणाले, "सावकाश वाचा." त्यात एक जन्मांध माणूस वाटेत बसलेला आहे. शिष्य प्रभू येशूला विचारतात की, हा आंधळा जन्मला तो कोणाच्या पापामुळे, याच्या की आईबापांच्या? म्हणजे हा प्रश्न दोन हजार वर्षांपूर्वीही होता, आणि तो विचारणारे खुद्द प्रभूचेच शिष्य होते! प्रभूने उत्तर दिले की, याचेही पाप नाही आणि याच्या आईबापांचेही नाही. देवाची कामे याच्या ठायी दिसावीत यासाठी हे आहे. एवढे सांगून तो बोलत बसला नाही. खाली वाकला, माती भिजवली आणि कामाला लागला.

ते वाचून माझ्या छातीवरचा एक धोंडा उतरला. पण दुसरा तसाच राहिला. त्या माणसाला पुढे दृष्टी आली. माझ्या लेकराला आली नाही. मग त्याच्या ठायी देवाचे काम कोणते? याचे उत्तर मला इतिहासात सापडले, ते असे.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्या मुलखात लहान मुले आंधळी होण्याची मोठी कारणे दोन होती, देवीचा रोग आणि दुष्काळ. देवी आल्या की जीव तरी जाई किंवा डोळे तरी जात. लोक तिला मातेचा कोप म्हणत. लस टोचण्याची मोहीम चालली, 1975 साली देशातला शेवटचा रोगी आढळला आणि 1977 साली भारत देवीमुक्त ठरला. ज्याला आपण कोप म्हणत होतो तो लशीने गेला. दुष्काळात पालेभाजी, दूधदुभते मिळेनासे झाले की आधी रातांधळेपणा येई, मग बुबुळे पांढरी पडत. आज अंगणवाडीत नऊ महिन्यांच्या बाळापासून अ जीवनसत्त्वाचा जो डोस पाजतात, तो याचसाठी.

अशी आंधळी झालेली मुले पुढे काय करीत? ज्यांच्या घरी खायला होते ती कोपऱ्यात बसत. बाकीची जत्रेत, देवळाच्या पायरीशी किंवा रेल्वेच्या डब्यात हात पसरत. त्यांना शिकवता येईल हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हते.

शिकवण्याची वाट फ्रान्स देशात सापडली. लुई ब्रेल नावाचा मुलगा 1809 साली जन्मला. बाप घोड्यांचे खोगीर आणि कातडी सामान करणारा. तीन वर्षांचा असताना बापाच्या दुकानातली आरी डोळ्यात लागली आणि पुढे दोन्ही डोळे गेले. पंधरा वर्षांचा असताना, 1824 साली, त्याने सहा टिंबांची लिपी तयार केली. दोन ओळींत तीन-तीन अशी सहा टिंबे, आणि त्यांच्या निरनिराळ्या मांडणीतून त्रेसष्ट खुणा. बोटाच्या एका टोकाखाली एक अक्षर मावते. आपल्या देशात आधी या लिपीचे निरनिराळे प्रकार चालत. एका प्रांताचे पुस्तक दुसऱ्याला वाचता येत नसे. 1951 साली सर्व भारतीय भाषांसाठी एकच भारती ब्रेल ठरली.

ही विद्या आपल्याकडे आणली ती प्रथम मिशनच्या लोकांनी. आंधळ्या मुलांची देशातली पहिली शाळा 1887 साली ॲनी शार्प नावाच्या बाईंनी अमृतसरला काढली. ती पुढे डेहराडूनला गेली. त्याच्या आधी 1885 साली मुंबईत बिशप लिओ म्यूरिन यांनी बहिऱ्या-मुक्या मुलांची शाळा सुरू केली होती. 1900 साली अमेरिकन मिशनच्या ॲना मिलर्ड बाईंनी मुंबईत आंधळ्या मुलांची शाळा काढली. ती आज दादरला आहे. हे लोक आपला धर्म सांगायला आले होते, हे लपवण्याचे कारण नाही. पण कोपऱ्यातल्या मुलाच्या हातात पुस्तकही त्यांनी दिले, हेही तितकेच खरे आहे.

आता ज्या बाईंसाठी हा लेख लिहायला घेतला त्यांच्याकडे वळते. त्या म्हणजे पंडिता रमाबाई.

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवले, म्हणून लोकांचा रोष पत्करला. रमाबाई ऐन तारुण्यात येत होत्या तेव्हा दुष्काळात आईवडील गेले. भाऊ श्रीनिवास यांच्याबरोबर त्या देशभर पायी हिंडल्या. पुढे तोही गेला. 1880 साली त्यांनी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी लग्न केले. 1881 साली मुलगी मनोरमा झाली, आणि 1882 साली पती पटकीने गेले. तेव्हा रमाबाई चोवीस वर्षांच्याही नव्हत्या.

डॉक्टर होऊन बायकांची सेवा करावी म्हणून लहानग्या मनोरमेला घेऊन त्या 1883 साली विलायतेस गेल्या. तेथे त्याच वर्षी 29 सप्टेंबरला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण डॉक्टरीचे शिक्षण झाले नाही, कारण त्यांना कानांनी कमी ऐकू येऊ लागले होते. भगिनींनो, ही गोष्ट मला आधी ठाऊक नव्हती. रमाबाईंची विद्वत्ता, त्यांची भाषणे, त्यांच्यावरील टीका हे सर्व ऐकले होते. त्या स्वतः कानांनी अधू होत्या हे वाचले तेव्हा मी पुस्तक मांडीवर ठेवून बराच वेळ बसून राहिले.

परत आल्यावर 11 मार्च 1889 रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले. ते पुढच्या वर्षी पुण्याला नेले. सदनातल्या विधवा मुली ख्रिस्ती होऊ लागल्या आहेत म्हणून 1893 साली पुण्यात मोठे वादळ उठले. रानडे आणि भांडारकर यांच्यासारख्या मोठ्या माणसांनी सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले. ज्या पालकांनी मुलींना विश्वासाने तेथे ठेवले होते त्यांना काय वाटले असेल, हे मी आई म्हणून समजू शकते. आपल्या मंडळात सर्व धर्मांच्या भगिनी आहेत, तेव्हा ही बाजूही सांगितली पाहिजे.

1896-97 साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. आपला चांदा जिल्हा तेव्हा याच मध्य प्रांतात होता. रमाबाईंनी स्वतः भूक भोगलेली होती. त्या मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली व बायका गोळा करून पुण्याजवळ केडगावला घेऊन आल्या. तेथे 1898 साली मुक्ती सदन उभे राहिले. पुढे गुजरातच्या दुष्काळातून आणखी मुली आल्या, आणि 1900 च्या सुमारास तेथे दीड हजारांवर माणसे झाली. शेती, विणकाम, छापखाना, सर्व कामे बायकाच करीत.

दुष्काळातून आलेल्या या मुलींत काही आंधळ्या होत्या. ज्या काळी धडधाकट विधवेलाही घरात जागा नव्हती, त्या काळी आंधळ्या अनाथ मुलीला कोण ठेवून घेणार? रमाबाईंनी त्यांना ठेवून घेतले. पण नुसते जेवूखाऊ घालून कोपऱ्यात बसवले नाही. मनोरमाबाई ब्रेल शिकल्या आणि त्यांनी या मुलींना वाचायला शिकवले. त्या वेताचे विणकाम, टोपल्या करणे शिकल्या, आणि शिकलेल्या मुली मागाहून आलेल्यांना शिकवू लागल्या. यरीहोच्या वाटेवर भीक मागत बसलेला बार्तीमय नावाचा आंधळा शुभवर्तमानात आहे. त्याचेच नाव या मुलींच्या घराला दिले.

1905 साली मुक्ती सदनात मोठी धर्मजागृती झाली. शेकडो मुली रात्रंदिवस प्रार्थना करीत. तिची वार्ता परदेशांतही गेली. मी हे वाचत होते तेव्हा माझ्या मनात एकच प्रश्न होता. एवढी प्रार्थना झाली तिथे आंधळ्या मुलींचे डोळे उघडले का? रमाबाईंचे कान बरे झाले का? नाही झाले. उलट पुढे पुढे त्यांना ऐकू येणे आणखी कमी होत गेले. मग रमाबाईंचा विश्वास कमी होता, असे म्हणण्याची कोणाची छाती आहे?

त्याच कान गेलेल्या बाईंनी हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत पवित्र शास्त्राचे भाषांतर करण्यात आयुष्याची अखेरची वर्षे घातली. मनोरमाबाई 24 जुलै 1921 रोजी आईच्या आधी गेल्या. एकुलती एक मुलगी, उजवा हात! तरीही रमाबाईंनी काम टाकले नाही. भाषांतर हातावेगळे केले आणि 5 एप्रिल 1922 रोजी त्यांनी देह ठेवला.

येथे मला माझ्या दुसऱ्या धोंड्याचे उत्तर मिळाले. डोळे उघडले तरच विश्वास खरा, असे मला शिकवण्यात आले होते. मुक्ती सदनात डोळे उघडले नाहीत, आणि तरी देवाचे काम झाले. ज्या मुली भीक मागून मेल्या असत्या त्या वाचू लागल्या, दुसरीला शिकवू लागल्या. आईचा विश्वास लेकरू बरे होण्यावरून मोजायचा नसतो. लेकरासाठी ती हात हलवते की नाही, यावरून तो कळतो.

आता कोणी म्हणेल, केडगाव लांब आणि रमाबाईंचा काळही लांब. म्हणून आपल्या जिल्ह्यातले सांगते. चांद्यालाही स्कॉटलंडच्या चर्चचे जुने मिशन होते. येथे काम केलेले अलेक्झांडर वुड हे पाद्री पुढे 1926 साली नागपूरचे बिशप झाले. आमच्या मंडळीतली म्हातारी माणसे त्या काळाचे ऐकीव किस्से अजून सांगतात. पण आपल्या भागात या प्रश्नाला सर्वांत मोठे उत्तर दिले ते वरोऱ्याला, आणि ते देणारे ख्रिस्ती नव्हते.

बाबा आमटे आणि साधनाताई यांचे नाव आपल्याला नवे नाही. महारोगाविषयी तर पापाची समजूत आंधळेपणाहूनही घट्ट होती. हा रोग जंतूंनी होतो हे नॉर्वेच्या हान्सेन यांनी 1873 साली शोधून काढले, तरी आपल्याकडे लोक रोग्याला गावाबाहेर काढत आणि त्याच्या कर्माला बोल लावत. बाबांनी 1949 साली महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि 1951 साली विनोबाजींच्या हस्ते आनंदवनाचे उद्घाटन झाले. झडलेल्या बोटांच्या माणसांनी तेथे विहिरी खोदल्या, शेते पिकवली. 1966 साली तेथे आंधळ्या मुलांची शाळा निघाली, आणि पुढे मूकबधिर मुलांचीही. तेव्हा गडचिरोली वेगळा जिल्हा नव्हता. तो 1982 साली झाला. सिरोंचा, भामरागडपासून ब्रह्मपुरीपर्यंत पसरलेल्या या जंगल मुलखात आंधळे लेकरू शिकू शकते, हे लोकांनी प्रथम डोळ्यांनी पाहिले ते वरोऱ्याला.

केडगाव आणि वरोरा, धर्म वेगळे, काळ वेगळा. पण दोन्ही ठिकाणी "पाप कोणाचे?" हा प्रश्न बाजूला ठेवून "आता याला काय शिकवायचे?" असे विचारले गेले. मला वाटते, प्रभूने माती भिजवली ती याच अर्थाने.

आता थोडे घरचे. माझ्या लेकराचे डोळे का गेले हे मला पुष्कळ उशिरा एका डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितले. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाच्या डोळ्याच्या पडद्यातील रक्तवाहिन्या पुऱ्या वाढलेल्या नसतात. जन्मानंतर त्या वेड्यावाकड्या वाढल्या तर पडदा ओढला जाऊन सुटतो. हे सर्व पहिल्या काही आठवड्यांत घडते. वेळेवर तपासले तर लेझरने किंवा इंजेक्शनने पुष्कळांचे डोळे वाचतात. आम्हाला हे तेव्हा कोणी सांगितले नाही. कोणी सांगायला हवे होते त्यांची नावे मी लिहीत नाही, मनातला राग मी प्रभूच्या पायाशी ठेवला आहे. खरे सांगायचे तर रोज नव्याने ठेवावा लागतो.

म्हणून प्रत्येक भगिनीला हात जोडून सांगते. तुमच्या घरी, शेजारी, नात्यात बाळ आठ महिन्यांच्या आत जन्मले, किंवा त्याचे वजन दोन किलोहून कमी भरले, तर महिना पुरा होण्याआधी त्याच्या डोळ्यांचे पडदे डोळ्यांच्या डॉक्टरकडून तपासून घ्या. बाळ वरून चांगले दिसत असले तरी घ्या. 2013 पासून सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात या दुखण्याचाही समावेश आहे. आशाताईंना विचारा, जिल्हा रुग्णालयात विचारा. लाजू नका.

आणि ज्या घरी असे लेकरू आधीच आहे तिने त्याला झाकून ठेवू नये. 2016 च्या अपंगांच्या हक्कांच्या कायद्याने सहा ते अठरा वर्षांच्या अशा मुलाला जवळच्या शाळेत किंवा खास शाळेत मोफत शिकण्याचा हक्क दिला आहे. आधीच्या 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, आता एकवीस आहेत.

माझा मुलगा अंधशाळेत गेला तेव्हा सात वर्षांचा होता. त्याला सोडून आले त्या दिवशी घरात दोन दिवस चूल नीट पेटली नाही. सासूबाई म्हणाल्या, "लेकरू टाकून आलीस." दिवाळीच्या सुट्टीत तो आला तो पाटी आणि बोथट टोच्या घेऊन. जाड कागद पाटीत अडकवून उजवीकडून डावीकडे टिंबे टोचायची, मग कागद उलटून डावीकडून उजवीकडे वाचायचे. त्याने माझे बोट धरून कागदावर ठेवले. "अ" म्हणजे एकच टिंब. "आ" ला तीन टिंबे, "ई" ला दोन. त्याने पहिला शब्द मला वाचायला शिकवला तो "आई". पाच टिंबांचा. सासूबाईंनीही बोट फिरवून पाहिले आणि पदर डोळ्यांना लावला. त्यानंतर "टाकून आलीस" हे शब्द आमच्या घरात कोणी उच्चारले नाहीत.

आता रविवारच्या उपासनेत तो कधी कधी शास्त्रपाठ वाचतो. सगळे खाली पुस्तकात बघतात, तो समोर तोंड करून बोटांनी वाचतो. त्याचे डोळे उघडावेत अशी प्रार्थना मी आता करीत नाही असे नाही. आई आहे, करतेच. पण त्या प्रार्थनेवर माझा विश्वास टांगून ठेवलेला नाही. आणि मी मंडळाच्या जुन्या पद्धतीप्रमाणे एक विनंतीही करते. आपण दरवर्षी हळदीकुंकवाला वाण देतो. पुढल्या वर्षी त्यातले थोडे पैसे बाजूला काढून ब्रेलचा जाड कागद एखाद्या अंधशाळेला देता येईल का, याचा विचार व्हावा.

नळावरची ती म्हातारी आजही भेटते. हल्ली ती विचारते, "शाळेतून कधी येते व तुझा पोरगा?" पापाचे ती विसरली असावी. मीही तिला आठवण देत नाही.

लिहिण्यात चूकभूल झाली असेल तर भगिनींनी पदरात घ्यावी. मंडळास दीर्घायुष्य लाभो, ही प्रभूचरणी प्रार्थना.

— मंडळाची एक सभासद